चंद्रावर दहा, गुरूवर दीडशे

आपल्या घरात ‘वजन’ हा शब्द दिवसातून किती वेळा निघतो, एकदा मोजून बघा. सकाळी रद्दीवाला येतो तेव्हा, दुपारी भाजी घेताना, गॅसचा सिलिंडर सरकवताना, आणि आरशासमोर उभं राहिल्यावर तर हमखास. त्याशिवाय सासूबाईंच्या शब्दाला वजन असतं, एखाद्या भावोजींचं ऑफिसात वजन असतं, आणि फाइल पुढे सरकावी म्हणून कागदावर ठेवायचं वजन ते आणखी वेगळंच! ‘वस्तुमान’ हा शब्द मात्र शाळेबरोबरच सुटतो. दहावीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून तोही बिचारा रद्दीत जातो.

मी बरीच वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. ‘वस्तुमान व वजन यांतील फरक स्पष्ट करा’ हा तर परीक्षेतला ठेवणीतला प्रश्न. मुली दोन रकान्यांचा तक्ता घडाघडा पाठ म्हणायच्या आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवायच्या. पण तक्ता पाठ होणं वेगळं आणि गोष्ट डोक्यात शिरणं वेगळं. ती शिरते कधी, तर पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहांवर जाऊन आल्यावर. चला, आज जाऊनच येऊ.

जाताना बरोबर बाजारातले दोन काटे घेऊ. पहिली भाजीवालीची तागडी. एका पारड्यात लोखंडी माप, दुसऱ्यात वांगी, दोन्ही पारडी समोरासमोर आली की सौदा पक्का. दुसरा रद्दीवाल्याचा ताणकाटा. वर कडी, खाली आकडा, मध्ये स्प्रिंग. गठ्ठा अडकवला की स्प्रिंग ताणते आणि काटा खाली सरकतो. (तो हळूच गुडघ्याने गठ्ठा उचलून धरतो, तो भाग निराळा!)

आता हे दोन्ही काटे चंद्रावर नेले तर? तिथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. तागडीतली वांगी हलकी होतील, पण समोरचं किलोचं मापही तेवढंच हलकं होईल. पारडी जिथल्या तिथे. चंद्रावरही तागडी किलोभर वांग्यांना किलोभरच म्हणेल. ताणकाटा मात्र सहा किलोच्या रद्दीला एक किलो म्हणेल. रद्दीवाल्याची चंगळ!

तागडीने जे जोखलं ते वस्तुमान. वांग्यांत मुळात ऐवज किती, ते. ताणकाट्याने जे दाखवलं ते वजन. त्या ऐवजाला खालचा ग्रह किती जोराने ओढतो, ते. बाथरूममधला आपला वजनकाटाही ताणकाट्याच्याच जातीचा. त्याच्यावर किलोचे आकडे असले, तरी त्याला कळतं ते फक्त आपण किती जोराने दाबतोय एवढंच. खाली पृथ्वीच आहे असं गृहीत धरून तो त्या जोराचे किलो करून सांगतो. शास्त्राच्या भाषेत वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वजन न्यूटनमध्ये. साठ किलोच्या बाईचं पृथ्वीवरचं वजन जवळजवळ ५८८ न्यूटन भरतं. घरी कुणी विचारलं तर खुशाल न्यूटनमध्ये सांगा, पुढचे प्रश्न बंद होतात.

आणि हे फक्त चंद्रावरच घडतं असं नाही. खुद्द पृथ्वीवरही विषुववृत्तापाशी ओढ जरा कमी आणि ध्रुवांपाशी जरा जास्त असते. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. विषुववृत्तावर तंतोतंत जुळवलेल्या स्प्रिंगच्या काट्यावर ध्रुवापाशी दहा तोळे, म्हणजे शंभर ग्रॅम सोनं ठेवलं, तर ते अर्ध्या ग्रॅमने जास्त भरेल. सोनं मात्र गुंजभरही वाढलेलं नसेल.

हा धडा शिकवत असतानाचा एक तास माझ्या चांगला लक्षात आहे. चंद्रावर वजन सहापट कमी होतं, असं मी सांगितलं आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. अंगाने जराशी भरलेली मुलगी. वर्गात तिला एक टोपणनाव होतं, ते इथे लिहीत नाही, कुठलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता दप्तरात परत ठेवते, हे मी दोनतीनदा बघितलं होतं.

‘‘बाई, मग चंद्रावर गेलं की मी बारीक होईन?’’

वर्ग खो खो हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. मी म्हटलं, ‘‘वजन कमी होईल, पण बारीक नाही होणार. ड्रेस हाच लागेल, बांगडीचं मापही हेच. तुझ्यातलं काहीही कमी होणार नाही. फक्त तुला खाली ओढणारा कमी ताकदीचा असेल.’’

ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘‘मग माझं खरं किती?’’

त्या दिवशी मी फळ्यावरचा तक्ता पुसला आणि तिच्या प्रश्नाखाली ‘वस्तुमान’ हा एकच शब्द लिहिला. तुझं खरं ते हे. पृथ्वीवर, चंद्रावर, गुरूवर, कुठेही गेलीस तरी तेवढंच. मग आम्ही सगळ्या वर्गाने मिळून ग्रहांची यादी केली. हिशेब सोपा जावा म्हणून पृथ्वीवर साठ किलो भरणारी एक बाई घेतली आणि तिला तिच्या बाथरूममधल्या काट्यासकट ग्रहाग्रहांवर फिरवून आणलं.

चंद्रावर काटा दहा दाखवतो. बुधावर तेवीस आणि मंगळावरही तेवीसच. शुक्रावर चोपन्न. गुरूवर उभं राहायला जमीनच नाही, पण त्याच्या ढगांच्या माथ्यावर काटा ठेवता आला असता, तर दीडशेच्या आसपास! शनीवर जवळजवळ इथल्याएवढंच, दोनचार किलो इकडे-तिकडे. युरेनसवर पुन्हा चोपन्न. नेपच्यूनवर अडुसष्ट. बाई तीच, साडी तीच.

या यादीत मुलींनी स्वतःहून एक गोम पकडली. मंगळाचं वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट आहे, मग दोन्हीकडे तेवीस कसे? युरेनसचं वस्तुमान पृथ्वीच्या साडेचौदा पट, तरी तिथे वजन इथल्यापेक्षा कमी? आणि शनी तर पृथ्वीच्या पंचाण्णव पट! त्याने एवढ्याशा ओढीवर समाधान का मानावं?

उत्तर आहे अंतरात. ग्रहाची ओढ त्याच्या वस्तुमानावर तर असतेच, पण आपण त्याच्या केंद्रापासून किती लांब उभे आहोत यावरही असते. अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश, तिप्पट झालं की एक नवमांश. शनी पंचाण्णव पट भारी खरा, पण त्याचा घेरही तसाच. त्याच्या पृष्ठभागावर उभी असलेली बाई केंद्रापासून इथल्यापेक्षा नऊ-साडेनऊ पट लांब असते. शनी म्हणजे पिंजलेल्या कापसाचा गठ्ठा. त्याची घनता पाण्याहूनही कमी, एवढी मोठी बादली मिळाली तर तो चक्क तरंगेल. पृथ्वी तशी छोटी, पण लोखंडाचं पोट असलेली, घट्ट बांधलेल्या लाडवासारखी.

आता खरा प्रश्न. आपण ग्रहांवर आपलं वजन केलं, पण ग्रहाचं स्वतःचं वजन किती? पृथ्वीचं वजन किती, असं मुलं विचारतात आणि आपणही ‘सहावर चोवीस शून्यं इतके किलो’ असं सांगून मोकळ्या होतो. आकडा बरोबर आहे, पण तो पृथ्वीच्या वस्तुमानाचा. वजन म्हटलं की ‘कुणाच्या ओढीने?’ हे विचारावंच लागतं. लहानपणी आजीने सांगितलेल्या गोष्टीतला शेष खरोखर असता आणि त्याच्या फण्यावर पृथ्वी टेकलेली असती, तर तो म्हणाला असता, ‘बाई गं, फार जड!’ पण पृथ्वी कशावरच टेकलेली नाही. सूर्य तिला ओढतो, ती त्याच्याकडे सतत पडत असते आणि त्याच वेळी वेगाने आडवी पळतही असते, म्हणून पडता पडता त्याच्याभोवती फिरत राहते. अशा पडत्या गोष्टीखाली कुठला काटा ठेवणार आणि तो दाखवणार काय? तिचं वस्तुमान मात्र तिच्याजवळ पक्कं आहे.

ते कसं शोधलं, याची कथा मोठी मजेदार आहे. लंडनमधला हेन्री कॅव्हेंडिश हा श्रीमंत आणि कमालीचा बुजरा शास्त्रज्ञ. बायकांसमोर तर तो इतका अवघडायचा की घरातल्या कामवालीशीही न बोलता जेवणात काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचा, असं त्याच्या चरित्रात आहे. स्वयंपाकघराशी चिठ्ठीने बोलणाऱ्या या माणसाने १७९७-९८ मध्ये, वयाची पासष्टी ओलांडल्यावर, पृथ्वीला तोललं.

प्रयोगाची कल्पना आणि मूळ उपकरण जॉन मिशेल यांचं, पण ते प्रयोगाआधीच वारले. सहा फुटांची एक लाकडी दांडी बारीक तारेने आडवी टांगलेली. तिच्या दोन टोकांना शिशाचे दोन छोटे गोळे, प्रत्येकी पाऊण किलोच्या आतबाहेर. त्यांच्याजवळ आणायचे शिशाचे दोन थोरले गोळे, प्रत्येकी दीडशे किलोंहून जास्त. थोरले धाकट्यांना ओढतात, दांडी किंचित वळते. ही ओढ केवढी, तर वाळूच्या बारीकशा कणाच्या वजनाइतकी! माणूस खोलीत असला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलायची आणि सगळं मुसळ केरात जायचं. म्हणून कॅव्हेंडिश खोली बंद करून बाहेरून दुर्बिणीने बघत बसे.

युक्ती अशी की, धाकट्या गोळ्याला पृथ्वी किती जोराने ओढते ते माहीत होतं. तेच त्याचं वजन. शिशाचा थोरला गोळा त्याला किती ओढतो, ते आता कळलं. दोन ओढींची तुलना केली, अंतरांचा हिशेब धरला, की शिशाच्या गोळ्यावरून पृथ्वी कळते. म्हणजे ही तागडीच झाली! एका पारड्यात शिसं, दुसऱ्यात धरणीमाता. पृथ्वी पाण्याच्या जवळजवळ साडेपाच पट घन आहे, असं त्याचं उत्तर आलं. आजचा आकडाही ५.५१ आहे.

दुसऱ्या ग्रहांवर असे गोळे घेऊन कोण जाणार? तिथे कामाला येतात त्यांचे चंद्र. आपला चंद्र पृथ्वीपासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि एक फेरी मारायला त्याला २७ दिवस लागतात. गुरूचा आयो नावाचा चंद्र गुरूपासून ४ लाख २२ हजार किलोमीटरवर, म्हणजे जरासा जास्तच लांब, पण त्याची फेरी पावणेदोन दिवसांत पुरी! इतक्या वेगाने पळूनही तो निसटून जात नाही, म्हणजे त्याला धरून ठेवणारा केवढा भारी असला पाहिजे! हिशेब केला की गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट येतं. गुरु शब्दाचा अर्थच मुळी जड. चंद्रांच्या चालीवरून ग्रह तोलायची ही पद्धत न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथातच वापरली होती. बुध आणि शुक्राला चंद्र नाहीत. त्यांचे नेमके आकडे मिळायला मरिनर यानांची वाट पाहावी लागली. १९६२ मध्ये शुक्राजवळून आणि १९७४ मध्ये बुधाजवळून ही यानं गेली आणि त्यांची वाट किती वाकली, त्यावरून ग्रहांची वस्तुमानं पक्की झाली.

चंद्र दिसला नाही तर केवढा घोळ होतो, ते प्लुटोच्या बाबतीत घडलं. १९३० मध्ये तो सापडला तेव्हा शास्त्रज्ञांना तो साधारण पृथ्वीच्या तोलाचा वाटला होता. त्याचं नाव सुचवलं होतं ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने. पुढे १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टी यांना प्लुटोचा चंद्र दिसला. त्याचं ‘शॅरन’ हे नाव पुराणकथेतल्या नावाड्याचं, पण क्रिस्टींनी ते निवडलं बायकोच्या नावावरून. शार्लीन या नावातलं ‘शार’! या चंद्राच्या चालीवरून हिशेब झाला आणि प्लुटो पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास निघाला, आपल्या चंद्राहूनही कितीतरी हलका. २००६ मध्ये त्याची गणना बटुग्रहांत झाली. आधी त्याला दिलेलं सगळं वजन आपल्या अंदाजाचं होतं.

अंदाजाने वजन ठरवायची हौस आपल्याला तारकांपुरतीच नसते. २०२४ च्या नोव्हेंबरात अंतराळ स्थानकावरच्या सुनीता विल्यम्सचा एक फोटो आला आणि ‘किती वाळली बाई!’ अशी जगभर चर्चा सुरू झाली. तिने वरूनच सांगितलं, की इथे आले तेव्हा जेवढी होते तेवढीच आहे, शरीरातले द्रव वर सरकतात म्हणून चेहरा वेगळा दिसतो. गंमत अशी, की ज्या जागी वजनकाट्यावर उभंच राहता येत नाही, अशा जागच्या बाईच्या वजनाची काळजी लोक करत होते!

स्थानक जेमतेम चारशे किलोमीटरवर असतं. तिथे पृथ्वीची ओढ इथल्या जवळजवळ नव्वद टक्के असते. तरीही माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि त्यातली माणसं पृथ्वीभोवती एकत्रच पडत असतात. मग तिथे ‘खरं किती’ हे कसं कळतं? आपल्याकडचा स्प्रिंगला टांगलेला पाळणा आठवा. बाळ तान्हं असताना तो भराभर वरखाली होतो, बाळ अंगाने भरलं की संथ होतो. अंतराळातही याच तत्त्वावर माणसाला स्प्रिंगच्या उपकरणावर हलवून बघतात. झोका जितका संथ, तितकं वस्तुमान जास्त. वजन नाहीसं झालं तरी वस्तुमान हलताना आपली ओळख देतंच. आणि हाडं-स्नायू झिजू नयेत म्हणून तिथे रोज साधारण दोन तास व्यायाम करावा लागतो. तोही पोटभर खाऊन! तिथे सारी धडपड असलेलं टिकवण्याची.

आता एक शेवटचा ग्रह, आपल्या लग्नाळू मुलींच्या ओळखीचा. मंगळ! त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा किंचित जास्त. जन्मलेल्या बाळावर त्याची ओढ किती, हा हिशेब करता येतो. मंगळ अगदी जवळ, म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरवर आला, तरी त्याच्यापेक्षा अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्या साठ किलोच्या सुईणीचीच ओढ किंचित जास्त भरते. तो चाळीस कोटी किलोमीटरवर असतो, तेव्हा तर सुईणीच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकीही नाही. पत्रिका बघणारे म्हणतील, आम्ही गुरुत्वाकर्षणाबद्दल बोलतच नाही. कबूल. पण मग त्या बिचाऱ्या ग्रहाने एवढं वजन आणलं तरी कुठून? चांगली जुळत आलेली स्थळं ‘मुलीला मंगळ आहे’ एवढ्या तीन शब्दांवर फिरलेली तुम्हीही पाहिली असतील. ते वजन मंगळाचं नाही, आपण दिलेलं आहे. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान त्या ग्रहाभोवती कक्षेत शिरलं, तेव्हा मंगळाचं वस्तुमान धरूनच सारा हिशेब झाला होता. त्या मोहिमेच्या संचालनात नंदिनी हरिनाथ आणि ऋतू करिधाल या दोघी होत्या. त्यांनी मंगळ तोलला तो असा, त्याचं जेवढं आहे तेवढं धरून.

घरात मुलं असतील, किंवा नसली तरी, एक करून बघा. गुरू रात्री आकाशात असेल अशा दिवसांत साधी द्विनेत्री दुर्बीण घेऊन गच्चीवर जा. हात कठड्यावर टेकवा, म्हणजे चित्र हलणार नाही. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. ते त्याचे चंद्र. वहीत तारीख टाकून ते कुठे कुठे आहेत ते काढून ठेवा आणि आठपंधरा दिवस हे चालू ठेवा. त्यातला गॅनिमीड साधारण आठवड्याने पुन्हा आपल्या जागी आलेला सापडेल. गुरू केवढा आहे, ते या ठिपक्यांच्या चालीतच लिहिलेलं असतं. वहीचं पान जपून ठेवा, रद्दीत घालू नका.